हाताने गिटार घडवताना चूक झाली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सावंतवाडीजवळच्या एका मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपटात, मी अकुस्टिक गिटार करतो. वेंगुर्ला, मालवण, राजापूर, अगदी वसईपासून नव्याने हे काम शिकणाऱ्यांचे फोन येतात. बहुतेक फोन अर्धवट झालेल्या गिटारबद्दल असतात आणि आवाज रडवेला असतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

चूक आत्ताच झाली आहे. पहिलं काय करू?

हातातलं हत्यार खाली ठेवा आणि गुडघ्यावर बसून जमिनीवरची ढलपी शोधा. उडालेली ढलपी तुमच्याकडे असली, तर निम्मी दुरुस्ती झालीच म्हणून समजा. त्या जागेवर तिच्याइतका नेमका बसणारा दुसरा तुकडा जगात नाही. ती कागदाच्या पुडीत ठेवा, कुठून उडाली आणि कोणती बाजू वर ते पुडीवर लिहा. माझ्या मांगरात काम सुरू असताना केर काढायचा नाही, हा नियम त्यासाठीच आहे.

मग गोंदाची बाटली नजरेआड करा. पहिल्या दहा मिनिटांत लावलेला गोंद हीच पुष्कळदा दुसरी आणि मोठी चूक ठरते. तुकडा आधी कोरडाच बसवून पाहा. क्लॅम्प कुठे लागेल, तो आवळल्यावर तुकडा सरकतो का, हेही कोरडंच तपासा. एवढं झालं की हवेतली आर्द्रता किती आहे ते वहीत लिहा. ती का लिहायची, ते पुढे येईल.

काय दुरुस्त करायचं आणि काय फेकून नव्याने करायचं, हे कसं ठरवू?

मी तीन गोष्टी बघतो. त्या भागावर ताण येतो का? त्या भागावर सूर अवलंबून आहे का? की तो फक्त दिसण्याचा भाग आहे?

स्टीलच्या हलक्या तारांचा संच सुरात लावला की सहा तारा मिळून साधारण ७० किलोच्या वर ओढ देतात. एक मोठा माणूस रात्रंदिवस घोडीला, म्हणजे समोरच्या फळीवर तारा अडकवायच्या लाकडाला, लटकला आहे असं समजा. नायलॉनच्या तारांची ओढ याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे घोडीखालची पट्टी, नेक (गिटारचा दांडा) आणि खोक्याचा सांधा, मुख्य एक्स ब्रेस (समोरच्या फळीला आतून आधार देणाऱ्या, फुलीसारख्या पट्ट्या), नेकची डोक्याजवळची मान, या जागी डागडुजी चालत नाही. तिथे एक तर सांधा मुळापासून नीट करायचा, नाहीतर तो भाग नव्याने करायचा. मानेत आडवी रेघ आली असेल, म्हणजे लाकडाचे धागे नेकच्या लांबीने न जाता तिरके बाहेर पडत असतील, तर ती नेक कितीही सुंदर कोरलेली असो, बाजूला ठेवा.

सुराच्या जागा म्हणजे फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), नट (नेकच्या डोक्याकडची, तारा टेकतात ती पट्टी) आणि घोडीतलं सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी). तिथली चूक लपत नाही, पण बहुतेक वेळा ती पूर्ण दुरुस्त होते. बाइंडिंगमधली (खोक्याच्या कडेच्या पट्टीतली) फट, रोझेटची (साउंडहोलभोवतीच्या, म्हणजे आवाजाच्या भोकाभोवतीच्या नक्षीची) तुटलेली चकती, पाठीवर पटाशीचा ओरखडा, या दिसण्याच्या गोष्टी. यांच्यावरच लोक सर्वांत जास्त झोप घालवतात, आणि त्याची गरज नसते.

पावसाळ्यात टॉप चिकटवला. आता तो साउंडहोलजवळ आत बसला आहे आणि घोडीमागे चीर गेली आहे. काय झालं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. माझ्या पहिल्या गिटारचंही हेच झालं होतं, म्हणून सविस्तर सांगतो.

जुलैचा महिना होता, पडवीत काम चाललं होतं. बाहेर धो धो पाऊस, पागोळ्या खळ्यात पडत होत्या. टॉप, म्हणजे सतार करणारे ज्याला तबली म्हणतात ती समोरची फळी, मी सपाट पाटावर ठेवली आणि सगळे ब्रेस एका दिवसात चिकटवले. सांधे घट्ट बसले. ऑक्टोबरात गिटार पूर्ण झाली, सुरेल वाजली. जानेवारीत एक मित्र ती सोलापूरला घेऊन गेला. तीन आठवड्यांनी परत आणली तेव्हा नेकच्या कडेवरून हात फिरवला तर फ्रेटची टोकं काट्यासारखी बोटाला लागली. तिथेच मला कळायला हवं होतं. फ्रेट वाढत नाहीत, ते ज्यात बसतात तो लाकडी फ्रेटबोर्ड आक्रसतो. मग उजेडात तिरकी धरली. टॉप साउंडहोलपाशी बशीसारखा खोल गेला होता आणि घोडीपासून मागच्या ठोकळ्यापर्यंत बोटभर लांब चीर होती.

कारण साधं आहे. लाकूड लांबीने जवळजवळ हलत नाही, रुंदीने हलतं. ८५ टक्के आर्द्रतेत लाकूड बरेच दिवस राहिलं तर त्याच्या आतलं पाणी वजनाच्या सतरा-अठरा टक्क्यांवर जातं. ४५ टक्के आर्द्रतेत तेच साडेआठ टक्क्यांच्या आसपास येतं. स्प्रूसच्या (थंड मुलखातल्या सूचिपर्णी झाडाच्या) ४०० मिलिमीटर रुंद टॉपसाठी एवढा फरक म्हणजे रुंदीत पाचेक मिलिमीटर. टॉपला आक्रसायचं असतं, पण त्याच्यावर आडवे-तिरपे चिकटलेले ब्रेस लांबीने आक्रसत नाहीत. ते त्याला धरून ठेवतात. मग टॉप आधी आत ओढला जातो आणि तेवढ्याने भागलं नाही तर फाटतो.

गिटार घरी आल्यावर आठवडाभरात चीर आपोआप मिटली. कोकणातल्या हवेनेच ती मिटवली. इथेच बहुतेक जण फसतात. मिटलेल्या चिरेत गोंद भरतात आणि दुरुस्ती झाली असं मानतात. पुढच्या कोरड्या दिवसांत शेजारीच दुसरी चीर जाते, कारण मूळ ताण तसाच असतो. चीर पाहून दुरुस्ती ठरवायची असेल, तर गिटार आधी ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत दोन-तीन आठवडे ठेवायला हवी. त्या हवेत चीर आपोआप मिटली तर गोंद पुरतो. उघडीच राहिली तर लाकूड कमी पडतं आहे, आणि कमी पडलेलं लाकूड लाकडानेच भरून काढावं लागतं.

माझ्या गिटारचा टॉप मी काढला. चाकूचं पातं तापवून कडेच्या सांध्यात बोट बोट सरकवत पूर्ण दिवस गेला. ब्रेस रंधून आणि खरवडून काढले, टॉप महिनाभर कोरड्या कपाटात ठेवला, उघडलेल्या चिरेत त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्याची निमुळती पट्टी बसवली. नवे ब्रेस सपाट न ठेवता त्यांचा खालचा भाग साडेसात मीटर त्रिज्येच्या किंचित गोलाईत रंधला. असा टॉप जरा घुमटासारखा उचललेला राहतो. हवा कोरडी झाली की घुमट थोडा उतरतो, पण टॉप फाटत नाही. ती गिटार आजही वाजते. चिरेची रेघ उजेडात दिसते.

मग कोकणात पावसाळ्याचे चार महिने काम बंदच ठेवायचं का?

नाही. ज्या कामात रुंद फळीवर आडवं लाकूड चिकटतं ते काम तेवढं बंद ठेवायचं. म्हणजे ब्रेसिंग, टॉप आणि बॅक खोक्यावर बसवणं, फ्रेटबोर्ड नेकवर चिकटवणं. नेक कोरणं, लायनिंगच्या (बाजू आणि टॉपच्या आतल्या कोपऱ्यात बसणाऱ्या) पट्ट्या कापणं, साचे करणं, हत्यारांना धार लावणं, ही कामं पावसात खुशाल करावीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच्याशी भांडण्यापेक्षा वर्षाची आखणी त्याच्याप्रमाणे करावी.

थांबणं शक्यच नसेल तर कोरडं कपाट करा. जुनं लाकडी कपाट, खाली जुन्या पद्धतीचा, तापणारा पिवळा बल्ब, वर हवा जायला दोन भोकं, आत डिजिटल आर्द्रतामापक. शास्त्र असं की हवेतलं पाणी तेवढंच ठेवून हवा तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. २८ अंशांची ८५ टक्के हवा ४० अंशांपर्यंत तापवली तर ती ४४ टक्क्यांच्या आसपास येते. बल्बभोवती जाळी हवी, लाकूड आणि भुसा त्याच्यापासून दूर हवा, आणि रात्री घरात कुणी जागं नसेल तर बल्ब बंद. ब्रेस आणि टॉप दोन्ही किमान आठवडाभर त्याच कपाटात एकत्र ठेवा, बाहेर काढा, लगेच चिकटवा आणि क्लॅम्पसकट परत कपाटात ठेवा. खोली बंद होण्यासारखी असेल तर डीह्युमिडिफायर सर्वांत उत्तम. तो घेणं परवडत असेल तर चांगल्या करवतीच्याही आधी घ्या, असं माझं मत आहे.

आर्द्रतामापक मात्र दोन घ्या. एकटा असला तर तो खोटं बोलतोय हे कळत नाही. डबीत मीठ घेऊन ते ओलसर चिखलासारखं भिजवा आणि मापकासह हवाबंद डब्यात दिवसभर ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. जितका फरक येईल तितका नेहमी वजा-बेरीज करायचा.

चिरेला गोंद कसा भरायचा? आतून ठिगळ लावायचं का?

चीर केसासारखी असेल तर तिच्यावर पातळ सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद) ठेवा आणि आतून-बाहेरून दोन अंगठ्यांनी एक कड वर, एक खाली अशी हलकेच हलवा. चीर गोंद पिते. पलीकडून गोंदाचा थेंब दिसला की दोन्ही कडा समपातळीत आणा, वर मेणकागद ठेवा, सपाट ठोकळा ठेवा आणि क्लॅम्प लावा. कडा समपातळीत आहेत का हे डोळ्यांनी पाहू नका, नखाने बघा. नख अडकलं की उठून नीट करा.

आतून चौकोनी ठिगळं लावायची, साधारण १२ मिलिमीटरची आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची. त्यांची रेघ, म्हणजे लाकडाच्या धाग्यांची दिशा, टॉपच्या रेघेला आडवी हवी आणि कडा निमुळत्या हव्यात. दोन ठिगळांत चार-पाच सेंटिमीटर अंतर पुरे. चिरेवरून सलग एक लांब पट्टी चिकटवू नका, तीच पुढच्या चिरेला कारण होते.

सरस वापरू की पांढरा गोंद?

गिटार कधीतरी उघडावी लागणार, हे धरून चाला. सरस उष्णता आणि ओलाव्याने सुटतो, आणि जुन्या सरसाच्या थरावर नवा सरस चिकटतो. सुताराच्या जुन्या कामाला सरस असेल तर शंभर वर्षांनीही तो सांधा सोडवता येतो. दाणे थंड पाण्यात फुगवायचे, मग दुसऱ्या भांड्यातल्या गरम पाण्यावर ६० अंशांच्या आसपास पातळ करायचे. उकळू द्यायचं नाही. थंड मुलखातल्या कारागिरांना सरस लगेच गोठतो म्हणून धावपळ करावी लागते. आपल्याकडे हवा गरम असल्यामुळे हाताला थोडा जास्त वेळ मिळतो. पण तयार केलेला सरस पावसाळ्यात दोन दिवसांत वास मारतो. लागेल तेवढाच करा.

पांढरा गोंद सोपा आहे आणि सांधा नीट बसला असेल तर घट्टही धरतो. दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. तो उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या गिटारची घोडी उचलली जाते ती त्यामुळेच. आणि त्याच्या जुन्या थरावर नवा गोंद धरत नाही. म्हणून पांढऱ्या गोंदाचा सांधा सुटला तर कोमट व्हिनेगरने थर मऊ करून लाकूड उघडं होईपर्यंत तो खरवडावा लागतो. नवशिक्याची दुरुस्ती पुन्हा सुटते ती बहुतेक याच आळसाने.

घोडी, ब्रेस आणि नेकचा सांधा मी सरसाने करतो. लायनिंग, ठोकळे, बाइंडिंग इथे पांढरा गोंद चालतो.

ब्रेस चुकीच्या जागी चिकटला. उपटून काढू का?

उपटू नका. टॉपचे धागे त्याच्याबरोबर निघतील. वाफ किंवा इस्त्री पूर्ण ब्रेसवर फिरवली तर टॉप ओला होऊन वाकतो. ब्रेस स्वस्त आहे, टॉप नाही. लहान रंध्याने आणि पटाशीने ब्रेस रंधत खाली या, कागदाइतका उरला की त्यावर ओलं फडकं आणि कोमट इस्त्री थोडाच वेळ ठेवा. उरलेलं स्क्रेपरने निघतं. मग टॉप पुन्हा आठवडाभर वाळवा.

आमच्या आळीतले एक म्हातारे सुतार माझं काम बघायला येऊन बसत. माझी घाई बघितली की म्हणत, “आधी सुकाक दी, मगे करवत लाव.” इथे ते वाक्य फार उपयोगी पडतं.

बाजूची पट्टी वाकवताना कमरेत तडकली.

आतल्या वळणात तडकली की बाहेरच्या? बाहेरच्या अंगाला नुसते दोन-चार धागे उचलले असतील तर पट्टी सरळ करू नका, गरम आहे तशीच साच्यात दाबा. थंड झाल्यावर कुसळांखाली पातळ सुपरग्लू सोडा, आतून आडव्या रेघेचं पातळ व्हिनीर चिकटवा. बाजूवर तारांचा ताण थेट येत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती आयुष्यभर टिकते. तडा पूर्ण रुंदीत आणि आरपार असेल तर पट्टी टाकून द्या.

तडकण्याची कारणं साधारण ठरलेली. पट्टी २ मिलिमीटरपेक्षा जाड राहिली, ज्या गरम धातूच्या नळीवर पट्टी वाकवतात ती पुरेशी तापली नव्हती, किंवा रेघ तिरकी होती. नळीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो चुरचुरत उडून जायला हवा. नुसता वाफाळत बसला तर थांबा. पट्टी तासन्‌तास भिजत घालू नका, नाहीतर वाळताना तिला पन्हळासारख्या लाटा येतात. वरून पाणी शिंपडलं की पुरे. जोर हाताने द्यायचा नाही. लाकूड मऊ पडलं की ते हाताखाली अचानक सैल होतं, लोणी सुरीखाली जातं तसं. तो क्षण एकदा हाताला कळला की पुढे पट्ट्या मोडत नाहीत.

बाजू आणि पाठ बिघडली, आता आवाज गेला का?

नाही. स्पेनचे आंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार घडवली होती. समोरची फळी आवाजाला किती महत्त्वाची आहे हे दाखवायला. पाठीवर ठिगळ आलं म्हणून गिटार टाकू नका. टॉपची काळजी घ्या.

फ्रेटची खाच चुकीच्या जागी कापली गेली.

घाबरू नका, ही सर्वांत सुटण्यासारखी चूक आहे. फ्रेटबोर्डच्याच लाकडाची खाचेइतकी पातळ पट्टी करा, गोंद लावून दाबा, वाळल्यावर कानसीने सपाट करा. नवी खाच जुनीपासून एक-दीड मिलिमीटरवर येणार असेल तर करवत जुन्या खाचेत घसरते. म्हणून शेजारी लाकडाचा ठोकळा क्लॅम्पने धरून त्याला टेकवून कापा.

मूळ चूक बहुधा मोजण्यात असते. प्रत्येक फ्रेट मागच्या फ्रेटपासून मोजला की पाव-पाव मिलिमीटर साठत जातो. सगळे फ्रेट नटपासूनच मोजा. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट नटपासून ३६.४८, पाचवा १६३.०५, सातवा २१६.१८ आणि बारावा बरोबर ३२५ मिलिमीटरवर. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागत गेलं की पुढचं अंतर मिळतं.

किती चूक खपते? पहिल्या फ्रेटला १ मिलिमीटर चुकला तर सूर सुमारे ३ सेंट हलतो, बाराव्याला तेवढीच चूक ५ सेंटच्या वर जाते. एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट. म्हणजे वरच्या, खोक्याकडच्या फ्रेटना जास्त जपा.

घोडी चिकटवली आणि आता वरच्या फ्रेटवर सूर उतरतो.

घोडी मागे सरकली आहे. ६४५ मिलिमीटरच्या गिटारवर सॅडल असायला हवं त्याच्या ३ मिलिमीटर मागे असेल तर बाराव्या फ्रेटचा सूर ८ सेंटच्या आसपास उतरतो. कानाला खटकतोच. बहुतेकांनी मोजलेलं बरोबर असतं. क्लॅम्प आवळताना ओल्या गोंदावरून घोडी घसरते. म्हणून चिकटवण्याआधी सॅडलच्या खाचेतून दोन बारीक भोकं पाडून त्यांत खिळे किंवा बांबूच्या कुसा अडकवाव्यात, मग ती हलत नाही.

आणखी एक. नुसतं बाराव्या फ्रेटचं अंतर दुप्पट करून चालत नाही. तार दाबली की ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून स्टीलच्या पहिल्या तारेला सॅडल दोनेक मिलिमीटर आणि सहाव्या तारेला चार-पाच मिलिमीटर मागे लागतं. सॅडलची खाच तिरकी असते ती म्हणूनच.

चूक दोनेक मिलिमीटरपर्यंत असेल तर घोडी काढू नका. खाच त्याच लाकडाने भरून नवी कापा. त्याहून जास्त असेल तर घोडी सोडवावी लागेल. टॉपवर घोडीच्या आकाराचं भोक पाडलेला जाड पुठ्ठा आणि त्यावर ॲल्युमिनियम फॉइल ठेवा, घोडीवर गरम इस्त्री टेकवा, मागच्या कोपऱ्यातून बोथट पातळ पातं घाला आणि धाग्यांच्या दिशेनेच सरकवा. पात्याला अडथळा लागला की जोर करू नका, पुन्हा तापवा. परत चिकटवताना खाली पॉलिशचा अंशही राहता कामा नये. पॉलिशवर बसवलेली घोडी ७० किलोला काय पुरणार?

नेकचा कोन चुकला आहे हे कसं ओळखू आणि किती लाकूड काढू?

लांब सरळ पट्टी फ्रेटवर ठेवा आणि घोडीपर्यंत न्या. तिचं टोक घोडीच्या माथ्याला जेमतेम टेकायला हवं. माथ्याच्या खाली धडकत असेल तर कोन कमी आहे, तारा उंच राहतील. सॅडल घासून घासून लोक ही चूक झाकतात, मग आवाज बसतो.

हिशेब सोपा आहे. पट्टी माथ्याखाली जितकी कमी पडते ते अंतर, गुणिले नेकच्या टाचेची (नेक खोक्याला जोडते त्या जाड भागाची) उंची, भागिले चौदाव्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतचं अंतर. समजा ३ मिलिमीटर कमी आहे, टाच ९० मिलिमीटर, आणि ६४५ च्या गिटारवर चौदाव्या फ्रेटपासून सॅडल २८७ मिलिमीटर. उत्तर येतं ०.९४. म्हणजे टाचेच्या तळाशी जेमतेम एक मिलिमीटर काढायचा आणि वर फ्रेटबोर्डशी येईपर्यंत शून्यावर आणायचा. एवढ्याशा लाकडाने एवढा मोठा फरक पडतो, म्हणून पटाशीने एका बाजूला जास्त काढू नका, नेक कुशीवर वळते. खोक्याला सँडपेपर टेकवून त्यावर टाच ओढली तर सांधा आपोआप जुळत येतो.

टॉप रंधताना जास्तच पातळ झाला.

काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. स्टीलच्या तारांसाठी स्प्रूसचा टॉप पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास असतो. तो सव्वादोनवर आला असेल तर त्याच्यावर नायलॉनच्या तारांची गिटार करा, ब्रेसिंग पंख्यासारखं ठेवा. दोनच्या खाली गेला असेल तर ठिगळांसाठी आणि पट्ट्यांसाठी जपून ठेवा.

स्थानिक लाकूड वापरलं आणि ते वळलं. लाकूडच वाईट का?

लाकूड वाईट नसतं, ओलं असतं. शिसव तर जगभरच्या गिटारवाल्यांना हवं असतं. फणसाच्या लाकडाची वीणा आणि मृदंग दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, आणि आपल्याकडे तर प्रत्येक वाडीत फणस आहे. नेकला सागवान जड पडतो पण हलत नाही. सावंतवाडीची खेळणी पूर्वी ज्या पांगाऱ्याची होत ते लाकूड मात्र गिटारच्या ताणाच्या जागी नको, फार मऊ आहे.

फळ्या कापल्यावर टोकांना रंग किंवा मेण लावा, मध्ये समान जाडीच्या पट्ट्या ठेवून थप्पी रचा, सावलीत आणि वाऱ्यावर. इंचाच्या फळीला किमान वर्ष द्या, नंतर कोरडं कपाट. फिकट साल-बाजूचं लाकूड काढून टाका, कीड तिथून सुरू होते. बारीक भोकाखाली पिठासारखा भुगा दिसला की ती फळी बाकीच्या लाकडापासून त्याच दिवशी दूर करा.

शिसवाबद्दल कायद्याचंही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात अनुसूचित झाडं तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून लाकूड वखारीतून पावतीसह घ्या. २०१७ पासून शिसव साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण सुट्या फळ्यांना ती सूट नाही.

भेगेत भुसा आणि गोंद भरला तर?

रोझेटच्या आणि बाइंडिंगच्या केसाएवढ्या फटीत चालतं. ताणाच्या सांध्यात कधीही नाही. सांध्याला लाकूड लाकडाला टेकलेलंच हवं.

चपडीचं (लाखेचं) पॉलिश पांढरट ढगाळ झालं.

ओल्या हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी थरात अडकतं. खरवडू नका. कोरड्या दिवशी, दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान, बोळ्यावर स्पिरिटचे चार थेंब घेऊन न थांबता अलगद फिरवा. थर क्षणभर विरघळतो, पाणी निघून जातं. एकदोनदा पुरतं. बोळा एका जागी थांबला तर खड्डा पडेल. चपडीही ताजीच भिजवा. वर्षभर बाटलीत राहिलेली चपडी नीट वाळतच नाही, बोटाला चिकटत राहते.

समुद्राजवळ राहतो. धातूच्या भागांचं काय?

ट्रस रॉड, म्हणजे नेकचा वाक सांभाळणारी धातूची सळी, नेकमध्ये बंद करण्याआधी त्याच्या आट्यांना ग्रीस लावा, नंतर तिथे हात पोहोचत नाही. खुंट्यांचे स्क्रू पितळी घ्या. खारी हवा लोखंडी स्क्रू फुगवते आणि लाकूड आतून काळं पडतं.

दुरुस्ती दिसते आहे. लपवू का?

विकणार असाल तर घेणाऱ्याला दाखवून, समजावून द्या. कुठे काय झालं आणि कोणत्या गोंदाने जोडलं, हे मी आत पाठीवर पेन्सिलीने लिहितो. पुढे कुणी ती उघडेल तेव्हा त्याला पातं कुठून घालायचं ते कळेल. रंग चढवून लपवलेली चीर पुढच्या कारागिराला सापडत नाही आणि गिटार त्याच्या हातात मोडते.

दुरुस्तीनंतर तारा कधी चढवू?

सरस असो की पांढरा गोंद, घोडी आणि नेकच्या सांध्याला कोकणात मी किमान तीन दिवस देतो, पावसाळ्यात आठवडा. मग तारा दोन सूर खाली लावून रात्रभर ठेवायच्या. सकाळी घोडीच्या मागच्या कडेखाली कागदाचा तुकडा सरकवून बघायचा. कुठेच शिरला नाही तर अर्धा सूर चढवायचा, पुन्हा रात्र जाऊ द्यायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण सुरात. टॉप घोडीमागे किंचित फुगलेला दिसेल, तो फुगायलाच हवा. कागद शिरला, तर तारा त्याच क्षणी सैल करा आणि घोडीच्या उत्तराकडे परत या.